ओल्ड कोर्स उलटा चालून बघा

गोल्फचं मैदान आखणारा माणूस होलचा, म्हणजे अठरापैकी एका टप्प्याचा, विचार ग्रीनपासून सुरू करतो; ग्रीन म्हणजे शेवटचा बारीक गवताचा भाग, जिथे खळगा आणि झेंडा असतो. आधी ग्रीनचा उतार, मग ग्रीनकडे येण्याची मोकळी बाजू, मग त्या बाजूने येण्यासाठी आधीचा चेंडू कुठे पडायला हवा ते, आणि टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, सगळ्यात शेवटी. खेळणारा आणि टीव्हीवर बघणारा मात्र टीवरून पुढे बघत जातो. त्याला दिसतात ते खड्डे, काटेरी झुडपं आणि फलकावरचा अंतराचा आकडा. हा बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, नेमका इथेच का, हे टीवरून सहसा उमगत नाही. ग्रीनपाशी जाऊन मागे वळून बघितलं की उमगतं.

ही सवय लावून घ्यायला सगळ्यात सोयीची जागा स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफमध्ये आहे: सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स. या किनारपट्टीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांच्या १५५२ च्या सनदेत नोंदवलेला आहे. जमीन आजही सार्वजनिक आहे. १९७४ पासून सेंट अँड्र्यूज लिंक्स ट्रस्ट तिचा कारभार बघतो. मोठी स्पर्धा नसेल तर रविवारी इथे गोल्फ बंद असतो आणि मैदान गावाची बाग होतं. लोक कुत्री फिरवतात, मुलं पळतात, कुणीही तिकिटाशिवाय अठराही होल चालून येऊ शकतं.

शिवाय इथे उलटं चालण्याला इतिहासाचा आधार आहे. आज ओल्ड कोर्स घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने खेळला जातो. एकोणिसाव्या शतकात तो घड्याळाच्या दिशेनेही खेळला जाई: पहिल्या टीवरून सतराव्या ग्रीनकडे, अठराव्या टीवरून सोळाव्या ग्रीनकडे, असं पुढे. म्हणजे अठराव्या ग्रीनपासून निघून पहिल्या टीपर्यंत आलात, तर प्रत्येक होल ग्रीनकडून टीकडे वाचून होतो आणि जुन्या वाटेचा अंदाजही येतो. काही बंकर फक्त या दिशेनेच अर्थ सांगतात.

निघण्याआधी

एडिंबरावरून रेल्वेने लुकर्सला उतरायचं (साधारण तासाभराचा प्रवास) आणि तिथून बसने दहा-पंधरा मिनिटांत सेंट अँड्र्यूज. गावात स्टेशन नाही. रेल्वे १९६९ मध्ये बंद झाली. जाण्याआधी ट्रस्टच्या वेळापत्रकात तो रविवार खरोखर मोकळा आहे ना, हे तपासा. सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुमारास डनहिल लिंक्स ही व्यावसायिक स्पर्धा असते आणि तिच्या रविवारी खेळ चालतो. डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून हिवाळ्यात सकाळीच निघा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीचे उंचवटे सगळ्यात स्पष्ट दिसतात. भर दुपारी हीच जमीन सपाट वाटते. कॅमेऱ्यातही तसंच होतं, म्हणून टीव्हीवर हे मैदान माळरानासारखं दिसतं आणि बघणारे निराश होतात.

सोबत वाऱ्याचं जाकीट, पाणी आत न येणारे बूट, होलचे नकाशे असलेली छोटी पुस्तिका आणि पेन्सिल घ्या. पुस्तिका गोल्फच्या दुकानात मिळते. सगळं चालणं सहा-सात किलोमीटरचं आहे, पण थांबत-बघत गेलात तर तीन तास धरा. ग्रीनवर आणि बंकरमध्ये पाऊल ठेवू नका. ग्रीनच्या कडेने फिरून सगळं दिसतं.

एक खूणगाठ बांधून घ्या: या लेखात डावं-उजवं म्हणजे खेळाडूचं, टीवरून ग्रीनकडे तोंड केल्यावरचं. तुम्ही उलटे येत असल्यामुळे ते तुमच्या विरुद्ध हाताला असेल. पुस्तिकेचं पानही उलटं धरा, नाहीतर तिसऱ्या होलपर्यंत घोळ होतो.

प्रत्येक ग्रीनपाशी काय बघायचं

आधी ग्रीनच्या सगळ्यात खालच्या कडेला जा आणि गुडघ्यावर बसा. उतार वरून बघितला तर फसवतो, खालून बघितला तर खरा दिसतो. घरंगळणारा चेंडू कुठे जाईल हे ठरवा आणि नकाशावर त्या दिशेला बाण काढा.

मग ग्रीनच्या पुढच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला आणि जमिनीवरून लोळत येणाऱ्या चेंडूला कुठून वाट आहे ते शोधा. ही मोकळी बाजू बहुतेक वेळा एकच असते. तिथे पाठ ग्रीनकडे करून उभे राहा आणि सरळ रेषेत टीकडे बघा. ती रेषा फेअरवेला (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला) जिथे छेदते, तिथे चांगल्या खेळाडूला पहिला चेंडू टाकायचा असतो. आता त्या जागेभोवती राखण कोण करतंय ते बघा. बहुतेक वेळा तिथे एक बंकर, झुडुपांचा पट्टा किंवा मैदानाची हद्द सापडते. आखणीचं सूत्र तिथे हाती लागतं: सोपा दुसरा फटका हवा असेल तर पहिल्या फटक्यात धोका पत्करा, पहिला फटका सुखरूप मारलात तर दुसरा अवघड.

इथला झेंडा रोज जागा बदलतो आणि झेंड्याबरोबर मोकळी बाजूही सरकते. म्हणून ग्रीन बघताना आजच्या झेंड्यावर थांबू नका. झेंडा डाव्या कोपऱ्यात गेला तर, मागे गेला तर, असं दोन-तीन जागांसाठी तोच हिशोब मनात करा.

शेवटी वारा. चिमूटभर गवत सोडा आणि बाणाशेजारी वाऱ्याचाही बाण काढा. इथे वारा हाही आखणीचाच भाग आहे.

पायाखालची जमीन

'लिंक्स' म्हणजे समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा, गवताळ, उंचसखल पट्टा. खाली वाळू, वर फेस्क्यू आणि बेंट जातीचं बारीक, चिवट गवत. पाणी झटकन झिरपतं, जमीन टणक राहते, चेंडू पडल्यावर पळतो. याच पळण्यामुळे कोनाला किंमत येते. चेंडू पडला तिथेच थांबत असता, तर बंकरच्या पलीकडे उंच फटका मारून मोकळं होता आलं असतं. इथे ग्रीनवर पडलेला चेंडू पंधरा-वीस पावलं पुढे जातो, म्हणून बंकरच्या मागे लपलेल्या झेंड्याजवळ तो थांबवणं फार कठीण. मोकळ्या बाजूने आलात तर चेंडू तीस पावलं आधी टाकून लोळवत नेता येतो. चांगले खेळाडू ग्रीनपासून चाळीस-पन्नास यार्डांवरूनही पटर (ग्रीनवर चेंडू लोळवायची काठी) वापरतात, ते याच कारणाने.

पुण्याच्या येरवड्यातलं पूना क्लबचं मैदान किंवा चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं मैदान झाडांच्या रांगांमधून जातं. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर चेंडू रुततो आणि कोनाचं महत्त्व ओसरतं. जानेवारी-फेब्रुवारीत जमीन कडक झाली की तोच होल वेगळं वागायला लागतो. तेव्हा ग्रीनवरून मागे बघण्याचा हा सराव तिथेही करता येतो.

ओल्ड कोर्सवर ११२ बंकर आहेत. त्यांची वाळू दिसायला थोडी असते, पण भोवतीची जमीन बंकरकडे उतरती असते, त्यामुळे दोन-तीन पट अंतरावर पडलेला चेंडूही आत ओढला जातो. बंकर मोजताना वाळूभोवतीचा उतारही पावलांनी मोजा. पुढची भिंत गवताच्या चौकोनी ढेकळांचे थर एकावर एक रचून उभी केलेली असते. वारा आणि पाऊस ती झिजवतात, म्हणून ती ठरावीक काळाने नव्याने रचावी लागते. भिंत जवळजवळ उभी असल्यामुळे तिला चिकटलेला चेंडू पुढे मारता येत नाही. बाजूला किंवा मागे काढावा लागतो. असे बंकर कुणी खोदले? वाऱ्यापासून आडोशाला बसणाऱ्या मेंढ्यांनी आणि सशांच्या बिळांनी सुरुवात केली, असं म्हणतात. पुढचं काम वाऱ्याने आणि खेळणाऱ्यांनी केलं.

अठरा ते बारा

अठराव्या ग्रीनच्या मागे, गावाच्या बाजूला उभे राहा. या होलवर आणि पहिल्या होलवर एकही बंकर नाही. दोघांचा मिळून फेअरवे शंभर यार्डांहून रुंद, आणि तरी निर्धास्त कुणीच खेळत नाही. उजवीकडे रस्त्याचं कुंपण ही हद्द. ग्रीनच्या पुढच्या डाव्या भागात जमीन एकदम खचते. ही 'व्हॅली ऑफ सिन'. झेंडा हिच्या मागे लावला की दोनच मार्ग उरतात. उंच मारून झेंड्याच्या पुढे थांबवायचं, म्हणजे मग उतारावरून परतीचा पट (पटरने लोळवायचा फटका). नाहीतर लोळवत दरीतून वर चढवायचं. जोर जरा कमी पडला तर चेंडू परत पायाशी. १९९५ च्या ओपन या मोठ्या स्पर्धेत कोस्टान्तिनो रोक्काची चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा फटका) फसून चेंडू याच दरीत राहिला आणि पुढचा लांबलचक पट त्याने तिथूनच आत घातला. प्लेऑफमध्ये मात्र जॉन डेली जिंकला. दरीच्या तळाशी बसून झेंड्याकडे बघा, मग त्या पटाची किंमत कळते.

पुढे ग्रॅनी क्लार्क्स विंड हा सार्वजनिक रस्ता दोन्ही फेअरवे आडवे कापतो, आणि त्यानंतर येतो स्विल्कन ब्रिज. एवढासा दगडी पूल, गुरं ओढ्यापलीकडे नेण्यासाठी बांधलेला. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याच्या पायथ्याशी फरशी बसवली गेली आणि गोल्फ जगतातून इतका आक्षेप आला की काही दिवसांतच ती काढून टाकली. गवत झिजतं ही अडचण खरी होती, पण या पुलाशी नवा दगड शोभत नाही, हे आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणंही खरंच होतं.

सतरावा, 'रोड होल', इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. अर्धा तासही जास्त नाही. ग्रीन अरुंद आणि तिरकं. डाव्या पोटाशी रोड बंकर, मागे उजवीकडे रस्ता आणि त्यापलीकडे दगडी भिंत. रस्ता खेळाचाच भाग आहे, तिथून चेंडू उचलायची मुभा नाही. आता ग्रीनच्या पुढच्या उजव्या कडेला उभं राहून टीकडे बघा. मोकळी वाट तिथूनच आहे. ती रेषा फेअरवेच्या उजव्या कडेला, हॉटेलच्या कुंपणाजवळ जाते. तिथे चेंडू टाकायचा तर टीवरून जुन्या रेल्वे शेडच्या आकाराच्या शेडवरून, हद्दीबाहेरच्या जमिनीवरून फटका मारावा लागतो. घाबरून डावीकडे मारलं तर दुसऱ्या फटक्याला रोड बंकर बरोबर मध्ये येतो, आणि तो टाळायला लांब मारलं तर रस्ता. एका होलने विचारलेला हा प्रश्न इतका नेमका आहे की गेली शंभर वर्षं जगभर त्याच्या नकला होत आल्यात. १९७८ मध्ये जपानच्या टॉमी नाकाजिमाने ग्रीनवर पोचलेला चेंडू पट करताना बंकरमध्ये घालवला आणि या होलवर ९ फटके खर्च केले. ग्रीनचा उतार बंकरकडे कसा ओढतो ते कडेने फिरताना बघा, म्हणजे ते कसं झालं ते लक्षात येईल. साध्या खेळाडूला शहाणपणाचा मार्ग एकच: दुसरा फटका ग्रीनच्या आधी, उजवीकडे थांबवायचा आणि तिथून पट करत चढायचं.

सोळाव्याच्या फेअरवेमध्ये 'प्रिन्सिपल्स नोज' हा तीन बंकरांचा पुंजका आहे. उजवीकडे हद्द आणि पुंजका यांच्यामधली फट म्हणजे धाडसाची वाट. डावीकडे मारलं तर सुखरूप, पण मग ग्रीनच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यावरचा 'विग' बंकर आडवा येतो. सतराव्याचाच प्रश्न, वेगळ्या आवाजात. इथे फटीची रुंदी पावलांनी मोजा आणि मग टीपर्यंत जाऊन तीच फट पुन्हा बघा. टीवरून ती निम्मी वाटते.

पंधरावा चालता चालता बघितला तरी चालेल. चौदाव्याला मात्र थांबा. ग्रीनच्या पुढे मोठा उंचवटा आहे आणि त्यावरून ग्रीन मागे उतरतं, म्हणून उंच फटका इथे कामाचा नाही. ग्रीनकडून टीकडे जाताना आधी लागतो 'हेल बंकर', सुमारे तीन मीटर उंच भिंतीचा. १९९५ मध्ये जॅक निक्लॉसने त्यात अडकून या होलला १० फटके घेतले. त्यापलीकडे एलिशियन फील्ड्स हा सपाट फेअरवे, एका बाजूला हद्दीची भिंत, दुसऱ्या बाजूला 'बिअर्डीज' नावाचे बंकर. ग्रीन गाठायला तीन फटके लागणारा हा होल तीन वेगवेगळ्या वाटांनी खेळता येतो. शेजारच्या पाचव्या होलच्या फेअरवेवरून वळसा घालणं हीसुद्धा मान्य वाट आहे. तिन्ही वाटा नकाशावर काढा आणि आजच्या वाऱ्यात तुम्ही कोणती घेतली असती ते ठरवा.

तेराव्याच्या 'कॉफिन्स' बंकरांवरून पुढे बाराव्यावर या. इथे उलट्या चालण्याचं फळ मिळतं. टीवरून बाराव्याचा फेअरवे मोकळा, निरुपद्रवी दिसतो. ग्रीनकडून चालत आलात की फेअरवेच्या मधोमध उघड्या तोंडाने बसलेले बंकर एकामागून एक दिसायला लागतात. त्यांची तोंडं आपल्याकडे, म्हणजे जुन्या दिशेने येणाऱ्या खेळाडूकडे आहेत. त्या काळी ते समोर दिसणारे साधे अडथळे होते. दिशा बदलल्यावर तेच लपलेले सापळे झाले. कुणी मुद्दाम लपवलेले नाहीत. हे समजल्यावर 'अन्यायकारक बंकर' ही तक्रार बरीच निवळते.

अकरावा आणि टोकाचं वळण

अकराव्या होलला बरेच आखणीकार टीवरून एकाच फटक्यात ग्रीन गाठायच्या जगातल्या सर्वोत्तम होलांमध्ये धरतात आणि आमचंही मत तेच आहे. अंतर पावणेदोनशे यार्डांच्या आसपास, मागे एडन नदीची खाडी, सतत वारा. डावीकडे 'हिल' बंकर, उजवीकडे पुढे 'स्ट्रॅथ'. ग्रीन मागून पुढे जोरात उतरतं. ग्रीनच्या मागे जाऊन उभे राहा: चेंडू इथे आला तर परतीचा पट उतारावर, आणि थोडा जास्त जोर लागला तर चेंडू थेट स्ट्रॅथमध्ये. म्हणून पुढे थोडं कमी पडलेलं बरं. एवढी गोष्ट कळायला खेळाडूला अनेक फेऱ्या लागतात. ग्रीनमागे उभं राहिलं की दोन मिनिटांत कळते.

अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्सला हा होल १९२१ मध्ये महागात पडला. ओपनच्या तिसऱ्या फेरीत अकराव्यावर चेंडू उचलून त्याने स्पर्धा सोडली. पुढे तो इथे आला तो शिकून: १९२७ मध्ये ओपन जिंकला, १९३० मध्ये अमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकला, १९५८ मध्ये गावाने त्याला मानद नागरिकत्व दिलं. दहाव्या होलला आता त्याचंच नाव आहे. १९२४ मध्ये या मैदानाचा बारकाईने नकाशा बनवणाऱ्या अॅलिस्टर मॅकेन्झी यांच्याबरोबर त्याने जॉर्जियात ऑगस्टा नॅशनल उभारलं. १९३४ पासून मास्टर्स ही मोठी स्पर्धा तिथे होते. रुंद फेअरवे, थोडे बंकर, कोनाला किंमत: हे सगळं या खाडीकाठावरून गेलेलं आहे.

सातवा आणि अकरावा होल एकमेकांना आडवे छेदतात. खेळाच्या दिवशी इथे चेंडूंकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि कुणी 'फोर!' ओरडलं की वर न बघता डोकं झाकून खाली बसायचं. दहा, नऊ, आठ ही टोकाची वळणं तुलनेने सपाट आणि सौम्य आहेत. तिथे बसून डबा खाल्लात तरी काही चुकणार नाही.

परतीच्या वाटेवरची जोडग्रीनं

आता सात ते एक. या बाजूला ग्रीनांची बेरीज करून बघा: दुसरा आणि सोळावा एकाच ग्रीनवर, तिसरा आणि पंधरावा, चौथा आणि चौदावा, पाचवा आणि तेरावा, सहावा आणि बारावा, सातवा आणि अकरावा, आठवा आणि दहावा. प्रत्येक जोडीची बेरीज १८. स्वतंत्र ग्रीन फक्त पहिल्या, नवव्या, सतराव्या आणि अठराव्याला. यामागे सौंदर्यदृष्टीपेक्षा गर्दी आहे. पूर्वी झुडुपांमधून जाणारा एकच अरुंद पट्टा होता आणि जाताना-येताना तेच होल वापरले जात. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा (झाडाच्या चिकाचा) स्वस्त चेंडू आला, खेळणारे वाढले, समोरासमोर अडायला लागले. मग ग्रीनं रुंद करून प्रत्येकावर दोन होल केले गेले. जातानाच्या होलांना पांढरा झेंडा, परतीच्यांना लाल. अठराव्याला मात्र पांढरा, कारण मागच्या हॅमिल्टन इमारतीच्या लाल दगडावर लाल झेंडा दिसत नाही.

अठरा हा आकडाही इथलाच. फेरी आधी २२ होलांची होती. १७६४ मध्ये सुरुवातीच्या चारांचे दोन केले, आणि तेच दोन परतीच्या वाटेवरही असल्यामुळे २२ चे १८ झाले. बाकीच्या जगाने तो आकडा उचलला.

जोडग्रीनवर नवखा खेळाडू फसतो तो लांबीला. ग्रीनवर आलो म्हणून निश्चिंत होतो आणि बघतो तर झेंडा साठ-सत्तर पावलांवर, मध्ये दोन उंचवटे. पाचव्या ग्रीनच्या कडेने चालताना पावलं मोजा आणि ठरवा: इथे 'ग्रीनवर' असण्यापेक्षा ग्रीनच्या बाहेर पण योग्य बाजूला असणं चांगलं का? बऱ्याच वेळा उत्तर 'हो' येतं.

दुसऱ्या होलवरचा चीप्स बंकर सतराव्याच्या खेळाडूलाही नडतो. एका खड्ड्यात दोन होलांचं काम. शेवटी पहिला होल. टीसमोर अवाढव्य मोकळं मैदान, आणि स्विल्कनचा ओढा अगदी ग्रीनच्या ओठावर. ओढ्याच्या काठावर उभं राहून टीकडे बघा. इथला प्रश्न पहिल्या फटक्याचा नाहीच. तो दुसऱ्या फटक्याच्या अंतराचा आहे. पहिला फटका फार लांब गेला तर अर्धा-मुर्धा, मोजून मारायचा फटका उरतो आणि तोच ओढ्यात जातो.

रीतीभाती

पहिल्या टीमागे रॉयल अँड एन्शंट गोल्फ क्लबचं क्लबहाऊस आहे. क्लब १७५४ चा, 'रॉयल' हे बिरूद १८३४ चं. सप्टेंबरात नवा कॅप्टन सकाळी आठला याच टीवरून एक चेंडू मारतो, त्याच क्षणी तोफ उडते आणि फेअरवेवर थांबलेले कॅडी (खेळाडूच्या काठ्या वाहणारे मदतनीस) तो चेंडू मिळवायला धावतात. आणणाऱ्याला सोन्याची मोहोर मिळते. गावकऱ्यांना बघायला मोकळीक असते. वसंतातल्या स्पर्धेत सिल्व्हर क्रॉसच्या खालोखाल जे पदक दिलं जातं त्याचं नाव बॉम्बे मेडल. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या गोल्फरांनी ते या क्लबला दिलं.

रीती बहुतेक जमिनीच्या काळजीतून आल्या आहेत. रविवारची सुट्टी त्यातलीच. १८६५ पासून मैदानाची देखभाल करणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिस यांनी ती कसोशीने पाळली आणि ग्रीनवर वाळू पसरून गवत सुधारण्याची पद्धत रुजवली.

तुम्हाला खेळायला मिळालं तर या गोष्टी चुकवू नका. चेंडू पडून ग्रीनवर खळगा झाला तर काट्याने कडा मध्याकडे ढकला. तळ वर उचलू नका, मुळं तुटतात आणि तपकिरी डाग राहतो. बंकरमध्ये उतरायचं ते मागच्या, सखल बाजूने. पुढच्या भिंतीवर चढलात तर थर सुटतात. बाहेर येताना पावलांच्या खुणा दाताळ्याने सपाट करा. हरवलेला चेंडू तीन मिनिटंच शोधा, तो नियमच आहे. नोव्हेंबर ते मार्चमध्ये फेअरवेवरून मारताना चेंडू छोट्या चटईवर ठेवावा लागतो. कंटाळवाणं वाटेल, पण हिवाळ्यात गवत वाढत नाही आणि उखडलेला तुकडा वसंतापर्यंत तसाच राहतो.

टी-टाइमसाठी, म्हणजे खेळ सुरू करायच्या वेळेसाठी, सोडत असते. किमान दोन खेळाडूंनी दोन दिवस आधी दुपारी दोनच्या आत नावं द्यायची, निकाल त्याच संध्याकाळी लागतो. हँडिकॅपचा, म्हणजे खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, पुरावा लागतो. लोक एकदाच नाव घालून परततात. तीन-चार दिवस मुक्काम ठेवून रोज घालत राहिलात तर शक्यता बरीच वाढते. कॅडी घ्या आणि त्याने दाखवलेल्या रेषेवर मारा. ती रेषा कधी कधी झेंड्यापासून चाळीस पावलं बाजूला असते. तुम्ही उलटे चालून आला असाल तर ती का, हे विचारावं लागणार नाही.

सोडत लागली नाही तरी पटर हातात घेता येतो. क्लबहाऊसपासून काही मिनिटांवर 'हिमालयाज' नावाचं पटिंगचं मैदान आहे, १८६७ मध्ये स्थापन झालेल्या महिला पटिंग क्लबचं. ठरावीक वेळेत, थोड्या शुल्कात कुणालाही खेळता येतं. नावाप्रमाणे सगळे चढ-उतार. एक काम करा: प्रत्येक होलला आधी होलपाशी जा, खालच्या बाजूने बसून उतार बघा, मग मागे येऊन पट मारा. पुढचे काही होल हे न करता मारा आणि फटके मोजा.